निकेलचा गुलाबी साका : डायमिथिलग्लायॉक्सिमबद्दल बोलूया

पोवईनाका
नमस्कार मंडळी. साताऱ्यात एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ३१ वर्षं काढून आता निवृत्त झालोय. एवढ्या वर्षांत हजारो परीक्षानळ्या धुतल्या, पण एक प्रयोग असा होता की तो चालू झाला की मी हातातलं काम टाकून त्या टेबलाशी जाऊन उभा राहायचो. निकेलच्या परीक्षेचा.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नळीत निकेल क्षाराचं फिकट पोपटी पाणी असतं, किंचित आम्लयुक्त. त्यात अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ टक्का डायमिथिलग्लायॉक्सिम घाला. (लॅबमध्ये सगळे ‘डीएमजी’च म्हणतात, मीही तेच लिहितो.) काहीच होत नाही. मग ड्रॉपरने अमोनिया सोडा, अगदी थेंबाथेंबाने. जिथे थेंब पडतो तिथेच जोतिबाच्या यात्रेतल्या गुलालाची चिमूट पडल्यासारखा ढग उठतो. नळी हलवली की तो जातो. पुढच्या थेंबाला पुन्हा उठतो, आणि एका क्षणी सगळी नळी गुलाबी-लाल होते. पोरं वहीत ‘निकेल प्रेझेंट’ लिहितात आणि नळी बेसिनमध्ये ओततात. माझा जीव तिथे तुटायचा, कारण खरी गंमत तिथून पुढे आहे.

तो लाल साका म्हणजे बिस डायमिथिलग्लायॉक्सिमॅटो निकेल. मध्ये एक निकेल आयन, दोन बाजूंनी डीएमजीचे दोन रेणू. प्रत्येक रेणू आपल्या दोन नायट्रोजननी निकेलला धरतो, खेकड्याने नांगीत धरावं तसं. म्हणून अशा संयुगांना किलेट म्हणतात, ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थच खेकड्याची नांगी. चार नायट्रोजन एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांत, मधोमध निकेल, सगळं एका सपाट पातळीत. डीएमजीचा प्रत्येक रेणू एक हायड्रोजन आयन सोडून देतो, म्हणून तर अमोनिया लागतो, सुटलेलं आम्ल टिपून घ्यायला. उरलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनशी हात धरतो. दोन नांग्या एकमेकींना अशा दोन्हीकडून बांधल्या जातात आणि निकेलभोवतीचं कडं पुरं होतं.

ही अभिक्रिया रशियन रसायनशास्त्रज्ञ लेव चुगायेव यांनी १९०५ साली दाखवली. त्याआधी निकेल आणि कोबाल्ट वेगळे करणं फार जिकिरीचं होतं, दोघं जिथेतिथे जोडीनेच यायचे. दोन वर्षांनी जर्मनीत ओटो ब्रुंक यांनी याच साक्याचं वजन करून निकेल मोजायची पद्धत बसवली. आज एवढी यंत्रं आली, तरी पोलादातलं निकेल मोजायला ही पद्धत अजून शिकवतात आणि ती खरी उतरते.

हा धागा काढायचं कारण: हा लाल रंग काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची नीट चर्चा मराठीत व्हावी. ज्याचा ज्याचा निकेलशी संबंध येतो त्यांनी लिहा. कारखाना, शेती, दवाखाना, काहीही चालेल.

बीएस्सी_तिसरंवर्ष
सर, अगदी वेळेवर धागा आला. मी सांगलीत शिकतो. आम्हाला २५ मिलिग्रॅम निकेल असलेलं द्रावण दिलं होतं. माझा साका १२८ मिलिग्रॅम भरला, म्हणजे निकेल २६ मिलिग्रॅम. १०४ टक्के! बाईंनी वहीवर लाल शेरा मारून ‘पुन्हा करा’ लिहिलंय. मी धुतलं चांगलं सात-आठ वेळा, क्लोराईड जाईपर्यंत. मग वजन जास्त कसं?

पोवईनाका
बाळा, आधी एक सांग, डीएमजी किती घातलंस? आणि क्रुसिबल (साका गाळून घेतलेली ती छोटी कुपी) ओव्हनमध्ये किती वेळ होती?

बीएस्सी_तिसरंवर्ष
३० मिली घातलं सर. साका पूर्ण पडावा म्हणून जरा सढळ हाताने. ओव्हन १२० ला होता, एक तास ठेवलं.

पोवईनाका
मग चोर सापडला. हिशोब करू. निकेलचा अणुभार ५८.६९, डीएमजीचा रेणुभार ११६.१२. एका निकेलला दोन डीएमजी. २५ मिलिग्रॅम निकेलला साधारण ९९ मिलिग्रॅम डीएमजी लागतं, म्हणजे १ टक्क्याचं जवळजवळ १० मिली. थोडं जास्त हवं म्हणून १२ घे. तू २० मिली जास्तीचं घातलंस, म्हणजे २०० मिलिग्रॅम डीएमजी पाण्यात मोकळं सोडलंस. डीएमजी पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून तर आपण ते अल्कोहोलमध्ये करतो. बीकर गार झाला की जास्तीचं डीएमजी स्वतःच पांढऱ्या सुयांसारखं बाहेर येतं आणि लाल साक्यात लपून बसतं. गार पाण्याने सातदा काय सत्तरदा धुतलंस तरी ते जाणार नाही. पुढच्या वेळी क्रुसिबल भिंगाखाली धर, लालात पांढऱ्या काड्या दिसतील.

उलटी चूकही होते, तीही ऐकून ठेव. काही मुलं डीएमजी विरघळून राहावं म्हणून अल्कोहोल ओततात. द्रावणात अल्कोहोल निम्म्याच्या पुढे गेलं की लाल साकाच विरघळायला लागतो आणि वजन कमी भरतं. अमोनिया भसकन ओतला तरी तेच. निकेल अमोनियाशी जाऊन निळं-जांभळं हेक्झाअमाईन करतं आणि थोडं निकेल तिथेच अडकून राहतं. वास जेमतेम येईल एवढाच अमोनिया.

माझी रीत अशी होती: द्रावण ७० ते ८० अंशांवर तापवायचं, डीएमजी घालायचं, लगेच अमोनिया थेंबाथेंबाने. २०-३० मिनिटं वाफेवर, मग तासभर निवायला. वरच्या नितळ पाण्यात डीएमजीचा एक थेंब टाकून बघायचा, गुलाबी नाही आलं तर पडायचं तेवढं सगळं पडलंय. क्रुसिबल अर्ध्याच्या वर भरायची नाही, हा साका काचेवर चढतो. तू स्वतः पाहशील, धुताना तो कडेकडेने वर सरकतो आणि हातातून निसटतो. ११० ते १२० अंशांवर पाऊण तास, डेसिकेटरमध्ये (ओलावा लागू न देणाऱ्या बंद भांड्यात) गार, वजन. पुन्हा ओव्हन, पुन्हा वजन. दोन वजनं जुळली की ०.२०३२ ने गुणायचं, साक्यात निकेलचा वाटा तेवढाच असतो. २५ मिलिग्रॅमला १२३ यायला हवेत.

मिरज_जंक्शन
पोवईनाका सर, फार सुंदर लिहिलंय. माझं पीएचडीचं काम समन्वय संयुगांवरच (मध्ये धातू, भोवती त्याला धरणारे रेणू) झालं, म्हणून एक भर घालतो.

डीएमजी निकेललाच का निवडतं, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, निकेलशी त्याचा बंध सर्वात घट्ट म्हणून. हे खरं नाही. द्रावणात तांबंसुद्धा डीएमजीला घट्ट धरतं. फरक पडतो तो स्फटिक होताना. निकेलचा रेणू पूर्ण सपाट असतो, म्हणून ते रेणू एकावर एक रचले जातात, भाकरीच्या चवडीसारखे. प्रत्येक पुढची भाकरी आधीच्या भाकरीशी ९० अंशांत फिरवून ठेवलेली, आणि एका निकेलच्या बरोबर डोक्यावर दुसरा निकेल, अंतर सुमारे ३.२५ अँगस्ट्रॉम. तांब्याचं तसं होत नाही. तांब्याला चौकोनाच्या वर आणखी एक शेजारी लागतो, तो शेजारच्या रेणूतला ऑक्सिजन पकडतो आणि दोन-दोनच्या जोड्या होतात. चवड रचलीच जात नाही, त्यामुळे तांबं पाण्यातच राहतं. पॅलॅडियम या धातूची चवड होते आणि तेही खाली बसतं, पिवळं, आणि तेसुद्धा आम्लात. म्हणून आम्लात पिवळं आलं तर पॅलॅडियम, अमोनियात लाल आलं तर निकेल.

लाल रंगही या चवडीचाच. साका क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला की रेणू सुटे होतात आणि रंग उतरून पिवळट होतो. विद्यार्थ्यांना हे एकदा तरी करून दाखवावं. पुस्तकातलं चित्र एकट्या रेणूचं असतं आणि डोळ्याला दिसणारा लाल रंग रेणूंच्या रांगेचा, हे त्याशिवाय पटत नाही.

आणखी एक. पोपटी द्रावणातल्या निकेलभोवती पाण्याचे सहा रेणू असतात आणि त्याचे दोन इलेक्ट्रॉन एकेकटे, म्हणून ते चुंबकाकडे किंचित ओढलं जातं. डीएमजीच्या चौकोनात आल्यावर तेच दोन इलेक्ट्रॉन जोडी करतात आणि ती ओढ संपते. धातू तोच, आयन तोच, शेजारी बदलले आणि स्वभाव बदलला.

कृष्णाकाठ
मी केमिस्ट्रीवाली नाही, विश्रामबागला राहते. एक विचारू का? माझ्या मुलीचे कान मागच्या वर्षी टोचले. सोन्याचं घालून काही झालं नाही. नंतर शाळेच्या गॅदरिंगला म्हणून खोटे डूल आणले, सोनेरी, दिसायला अगदी छान. दुसऱ्या दिवशी पाळ्या लाल, खाज, मग पाणी सुटायला लागलं. दुकानदार म्हणाला जंतुसंसर्ग असेल, टोचणाऱ्याने सुई नीट धुतली नसेल. स्किनच्या डॉक्टरांनी बघून निकेलची ॲलर्जी म्हणून सांगितलं आणि पॅच टेस्ट करायला सांगितली. तुमच्या या गुलाबी औषधाने घरचे दागिने तपासता येतील का?

पोवईनाका
ताई, येतील, आणि त्यासाठी ते जगभर वापरतात. कापसाच्या काडीवर डीएमजीचे दोन थेंब आणि अमोनियाचे दोन थेंब घ्यायचे, डुलाचा जो भाग कानाला लागतो तो अर्धा मिनिट घासायचा. काडी गुलाबी झाली तर त्यातून निकेल सुटतंय. हे कानावर घालून करायचं नाही, दागिना हातात काढून, खिडकी उघडी ठेवून करायचं. नंतर दागिना धुवायचा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. काडी पांढरी राहिली म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं नव्हे, फार थोडं निकेल सुटत असेल तर रंग दिसत नाही. आणि गंजलेल्या लोखंडावर घासलं तर लोखंडही डीएमजीशी लालसर रंग देऊ शकतं, तेव्हा गंजक्या पिनेवरून निष्कर्ष काढू नका.

पॅच टेस्ट मात्र डॉक्टरांकडेच. पाठीवर पट्टीखाली पेट्रोलियम जेलीत कालवलेलं ५ टक्के निकेल सल्फेट ४८ तास ठेवतात आणि मग त्वचा बघतात. एकदा ही ॲलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते, तेव्हा आत्ताच खात्री करून घेतलेली बरी.

कुपवाडकर
ताई, सोनेरी डुलातून निकेल कसं आलं ते मी सांगतो, माझं प्लेटिंगचंच काम आहे, कुपवाड एमआयडीसीत. डूल आतून पितळेचा. पितळेवर थेट सोन्याचा मुलामा दिला तर त्यातलं तांबं हळूहळू सोन्यात झिरपतं आणि झळाळी जाते. म्हणून मधे निकेलचा थर देतात. निकेलने चकाकीही येते. वर सोन्याचा थर इतका पातळ की घामाने आणि घासून काही दिवसांत जिथे जास्त घासतं तिथे तो उडतो. ती जागा नेमकी कानातली दांडी. युरोपात अशा वस्तूंतून दर आठवड्याला दर चौरस सेंटीमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये असा नियम आहे, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या दांडीला तर ०.२. जीन्सचं बटण आणि पट्ट्याचं बक्कल हेही बघा, बेंबीजवळ खाज येणाऱ्यांचं कारण बऱ्याचदा तेच असतं.

आता माझं दुखणं मांडतो. आमच्या बाथमध्ये (मुलामा द्यायच्या द्रावणात) निकेल सल्फेट, निकेल क्लोराईड आणि बोरिक ॲसिड, १९१६ सालचा वॉट्सचा फॉर्म्युला, सगळा धंदा अजून त्यावरच चालतो. त्याचं धुवणाचं पाणी ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) जातं, चुन्याने पीएच १० च्या आसपास नेला की निकेल हायड्रॉक्साईड होऊन स्लजमध्ये (गाळात) बसतं. बाहेर सोडायच्या पाण्यात निकेल लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, वर्षानुवर्षं आमचं १ च्याही आत असायचं. दोन वर्षांपूर्वी करंटशिवाय निकेल चढवायची नवी लाईन टाकली आणि सगळं बिघडलं. पीएच १० आहे, चुना भरपूर आहे, पाणी दिसायला काचेसारखं, आणि रिपोर्ट येतो ११, १४. आम्ही चुना वाढवतच गेलो. स्लज दुप्पट झाला, आकडा हलेना. रात्री दोन वाजता मी आउटलेटच्या ग्लासभर पाण्यात डीएमजी टाकलं आणि ते नितळ पाणी डोळ्यासमोर गुलाबी झालं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे पाणी पुढे कुठे जातं ते आम्हाला माहीत आहे, आम्हीही कृष्णेचंच पाणी पितो.

मिरज_जंक्शन
कुपवाडकर दादा, नव्या लाईनच्या बाथमध्ये सायट्रेट किंवा लॅक्टेट असणार, कदाचित अमोनियाही. ते निकेलला धरून ठेवतात, बाथ टिकावा म्हणून मुद्दाम घातलेले असतात. तेच धुवणात आले की चुन्याच्या हायड्रॉक्साईडला निकेल द्यायला तयार होत नाहीत. डीएमजीची पकड मात्र सायट्रेटपेक्षा जबर, म्हणून त्याला ते दडलेलं निकेल सापडलं. पोलाद तपासताना आपण लोखंड झाकून ठेवायला टार्टारिक किंवा सायट्रिक आम्ल घालतो आणि तरी निकेल डीएमजीकडे जातं, तेच तत्त्व.

कुपवाडकर
बरोबर ओळखलंत, सायट्रेटच होतं. कन्सल्टंटने फक्त चुना सांगितला होता. आता नव्या लाईनचं धुवण वेगळ्या टाकीत घेतो, मुख्य ईटीपीत मिसळू देत नाही. त्यात सोडियम डायमिथिलडायथायोकार्बामेट घालून निकेल पाडतो, तोही एक लिगंडच, म्हणजे धातूला धरणारा. आणि आउटलेटला रोज सकाळी डीएमजीची नळी करायची, हे ऑपरेटरला शिकवलंय. तो दहावी झालेला पोरगा आहे, पण गुलाबी दिसलं की व्हॉल्व्ह बंद करतो आणि मला फोन लावतो. लॅबचा रिपोर्ट यायला चार दिवस लागतात, ही नळी दोन मिनिटांत सांगते. सगळ्या प्लेटिंगवाल्यांनी हे करावं अशी माझी हात जोडून विनंती आहे.

वाळव्याचा_ऊस
धागा वाचून राहवलं नाही. मी शेती करतो, कृषी पदवीधर आहे. निकेल म्हणजे निव्वळ विष असा समज होऊ नये म्हणून लिहितो.

आम्ही उसाला युरिया टाकतो. पीक युरिया जसाच्या तसा फारसा वापरत नाही, जमिनीतले जिवाणू युरिएज या विकराने (एन्झाइमने) आधी त्याचा अमोनिया करतात. त्या युरिएजच्या गाभ्यात दोन निकेल आयन असतात. १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी हेच युरिएज अबईसारख्या एका शेंगेच्या बियांतून स्फटिकरूपात काढलं आणि विकर म्हणजे प्रथिन हे दाखवून दिलं, पुढे १९४६ ला त्यांना नोबेल मिळालं. पण त्यात निकेल आहे हे कळायला १९७५ साल उजाडलं. वनस्पतीलाही अगदी कणभर निकेल लागतं. नाही मिळालं तर पानात युरिया साठतो आणि टोकं करपतात. पण म्हणून कुणी निकेलचं खत मारायला जाऊ नका, आपल्या जमिनीत लागतं तेवढं असतंच.

दुसरी गोष्ट दारातली. आमच्याकडं गोबर गॅस आहे, वडिलांनी बसवलेला. शेणातून मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांकडं एफ-४३० नावाचं पिवळं संयुग असतं, त्याच्या मधोमध निकेल आणि भोवती चार नायट्रोजन. हुबेहूब तुमच्या लाल साक्याचा चौकोन! मिथेन तयार होण्याची शेवटची पायरी त्याच्यावर घडते. आई चुलीची निळी ज्योत पेटवते तेव्हा त्यातला मिथेनचा प्रत्येक रेणू निकेलजवळून आलेला असतो. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, “मग शेण वाया घालवू नगा.”

पोवईनाका
वाळवेकर, तुमची पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. चार नायट्रोजनांचं हे नातं मला ३१ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

हॉटेल_राजवाडा
एक शंका. आमच्याकडे स्टीलची भांडी येतात, विकणारा सांगतो ३०४ आहे (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड), ३०४ ला चुंबक चिकटत नाही. डीएमजीने कळेल का?

पोवईनाका
अर्धं कळेल. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साईडचा पातळ थर असतो, काडी घासून काहीच येणार नाही. भांड्यावर मिठाच्या पाण्याने भिजवलेला टिपकागद ठेवायचा, ९ व्होल्टच्या बॅटरीचं धन टोक भांड्याला, ऋण टोक कागदाला, काही सेकंद. निकेल कागदात उतरतं. मग सायट्रिक आम्लाचा थेंब, म्हणजे लोखंड झाकलं जाईल, मग डीएमजी आणि अमोनिया. गुलाबी आलं तर निकेल आहे. पण २०२ या दुसऱ्या ग्रेडमध्येही ४ ते ६ टक्के निकेल असतं आणि ३०४ मध्ये ८ ते १०.५, दोन्ही गुलाबीच येणार, आणि चुंबक दोन्हींना चिकटत नाही. ती खात्री करायला लॅबमध्येच द्यावं लागेल. कुणी काडीचा गुलाबी रंग दाखवून ३०४ म्हणून भांडी विकत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

चुंबक कसा फसवतो ते नाण्यांवर बघा. साठच्या दशकातली ५० पैशांची नाणी शुद्ध निकेलची, त्यांना चुंबक चिकटतो आणि काडी गुलाबी होते. ऐंशीच्या दशकातला रुपया ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल, त्याला चुंबक चिकटत नाही तरी काडी गुलाबी. १९९२ पासूनचा स्टीलचा रुपया निकेल नसलेल्या स्टीलचा, त्याला चुंबक चिकटतो आणि काडी पांढरीच. तिन्ही नाणी माझ्या टेबलावर ओळीने ठेवलीत आत्ता.

एक राहिलं. निकेलची संयुगं कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत, सगळ्यात मोठा धोका धूळ आणि धूर श्वासातून जाण्याचा. साका कोरडा झाल्यावर खरवडून उडवू नका, हातमोजे घाला आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. आमच्या लॅबमध्ये वर्षाचा सगळा लाल साका मी एका बरणीत साठवायचो.

कृष्णाकाठ
पॅच टेस्ट झाली, निकेलच निघालं. काडीची परीक्षाही केली, पुतण्याने कॉलेजच्या सरांकडून दोन छोट्या बाटल्या आणल्या. डुलाची दांडी घासली आणि काडी गुलाबी झाली, लेक बघतच राहिली. मग तीच घरभर फिरली. केसांची क्लिप गुलाबी, माझ्या पर्सचं बक्कल गुलाबी, आजीच्या सोन्याच्या कुड्या पांढऱ्या. आता ती त्याच कुड्या घालते, पाळ्या सुकल्यात.

बीएस्सी_तिसरंवर्ष
सर, आज पुन्हा केलं. १२ मिली डीएमजी, अमोनिया थेंबाथेंबाने, क्रुसिबल अर्धीच भरली. पहिलं वजन १२३.९, पुन्हा ओव्हनला ठेवून १२३.३, तिसऱ्यांदाही १२३.३. निकेल २५.०५ मिलिग्रॅम. मागच्या वेळची क्रुसिबल तशीच ठेवली होती, ती भिंगाखाली पाहिली. पांढऱ्या काड्या होत्या सर.